मजकुराचें कुलूप आणि पत्त्याचा पडदा

लाखोट्यावर मोहोर केली म्हणजे आंतील मजकूर सुरक्षित राहतो. परंतु तो कोणी कोणास धाडिला, हें वरून दिसावयाचें तें दिसतेंच. इंटरनेटवरून एखादी फाईल घरीं उतरवून घेतांना एन्क्रिप्शन व व्ही. पी. एन्. यांविषयीं सुशिक्षित घरांतूनहि जो घोटाळा आढळतो, त्याचें मूळ हा भेद लक्षांत न घेण्यांत आहे.

एन्क्रिप्शन म्हणजे कूटलेखन. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनीं सुरू होत असल्यास पनवेलच्या घरापासून त्या स्थळापर्यंत मजकूर कुलुपबंद जातो. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस तो वाचतां येत नाहीं. मात्र कोणत्या स्थळाशीं संबंध आला व किती माहिती वाहिली, हें तिला बहुधा कळतें. व्ही. पी. एन्. ही सर्व वाहतूक कूटबद्ध करून प्रथम आपल्या सर्व्हरकडे नेतें व तेथून पुढें धाडतें. कंपनीस केवळ तो सर्व्हर दिसतो, आणि पलीकडच्या स्थळास घरच्या आय. पी. पत्त्याऐवजीं सर्व्हरचा पत्ता दिसतो.

टॉरेंटच्या रीतींत हा भेद विशेष उघड होतो. तेथें अनेक संगणक एकच फाईल तुकड्यातुकड्यांनीं परस्परांस देतात. एन्क्रिप्शनमुळें वाहतुकीचें स्वरूप ओळखणें कंपनीस कठीण जातें. परंतु तुकडे देणाऱ्याघेणाऱ्यांस एकमेकांचे पत्ते दिसतातच. ते झांकण्याचें काम व्ही. पी. एन्. करतें.

तथापि पडदा धरणारा स्वतः पडद्याच्या आंतच उभा असतो. पूर्वीं जो विश्वास कंपनीवर टाकावा लागे, तो आतां व्ही. पी. एन्. चालविणाऱ्यावर टाकावा लागतो, इतकेंच. शिवाय सर्व्हर कांहीं अधांतरीं राहत नाहींत. पनवेलजवळ २०२० सालीं योट्टानें उघडलें तशा डेटा सेंटरांच्या इमारतींत ते असतात. आणि जेथें इमारत तेथें कायदा. सर्ट-इन् या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं आदेश काढून डेटा सेंटरें व व्ही. पी. एन्. सेवा यांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते व त्यांस दिलेले आय. पी. पत्ते यांच्या नोंदी निदान पांच वर्षें ठेवाव्या, असें फर्माविलें. त्याच वर्षीं एक्स्प्रेसव्हीपीएन्, नॉर्डव्हीपीएन् व सर्फशार्क यांनीं भारतांतील आपले सर्व्हर काढून घेतले.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याविरुद्ध घेतलेली नक्कल पडद्याआडहि बेकायदेशीरच राहते.

तेव्हां केवळ मजकूर राखावयाचा असेल, तर कूटलेखन पुरेसें आहे. पत्ताहि झांकावयाचा असेल, तर व्ही. पी. एन्. घ्यावें, पण तें कोणाचें आहे व कोणत्या नोंदी ठेवतें, हें आधीं पाहावें. फुकट मिळालेल्या पडद्याचें मोल अनेकदां घरच्या माहितीनेंच फेडावें लागतें.