कान्हेरीचे रान : तिकिटे दोनच, बाकी सारे दानाचे

६ डिसेंबरला आपली लाखो माणसे दादरला चैत्यभूमीवर जातात. तासन्‌तास रांगेत उभे राहून परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करतात, शिवाजी पार्कवर पुस्तके, कॅलेंडर, बुद्धमूर्ती घेतात आणि मिळेल त्या गाडीने गावाकडे वळतात. आमच्या इस्लामपूर भागातील माणसेही वर्षानुवर्षे अशीच जातात आणि अशीच परत येतात. मुंबईला वीस वेळा जाऊन आलेल्या माणसाला ‘कान्हेरीची लेणी पाहिली का?’ असे विचारावे, तर तो नकारार्थी मान हलवतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले. ‘‘सहल म्हणजे पैसेवाल्यांचं काम. आपल्याला कुठलं परवडतंय?’’

हा समज कितपत खरा आहे ते एकदा पाहावे, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आमच्या वस्तीतील पाच कुटुंबांनी अभिवादनानंतर एक दिवस जादा मुक्काम केला. मोठी माणसे बारा आणि पोरे सात. त्यांत गवंडी होते, सेंट्रिंग कामगार होते, रोजगाराने भांगलणीला जाणाऱ्या बाया होत्या आणि हिशेबाची वही सांभाळायला आम्ही होतो.

बोरिवली स्टेशनला उतरले की पूर्वेस थोड्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. हे रान १०३ चौरस किलोमीटरचे आहे. ज्या साष्टी बेटावर ते उभे आहे, त्याच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरवणारे दोन तलाव याच रानात आहेत. येथे बिबटे आहेत, चितळ आहेत, माकडे आहेत, अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. आणि या रानाच्या पोटात, एका काळ्या डोंगरात, आपल्या पूर्वजांची शंभराहून अधिक लेणी आहेत. जुन्या लेखांत या डोंगराचे नाव कृष्णगिरी, म्हणजेच काळा डोंगर, असे येते. त्यावरूनच कान्हेरी हे नाव पडले.

प्रथम खर्चाचे सांगतो, कारण आपल्या घरात पहिला प्रश्न तोच निघतो. दोन तिकिटे टळत नाहीत. एक उद्यानाच्या फाटकावरचे. त्याचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. दुसरे लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे, भारतीयांना २५ रुपये. तेथे पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. वाघ-सिंहांची सफारी, नौकाविहार यांचे पैसे वेगळे पडतात. त्यापलीकडे जे आहे, त्याला पैसा लागत नाही. आणि खरे पाहण्यासारखे आहे ते हेच.

पण हे कळण्याआधी एक प्रसंग घडला. फाटकाच्या आत सफारीचा फलक पाहून एका गवंडी बंधूचा सात-आठ वर्षांचा मुलगा ‘वाघ बघायचाच’ म्हणून अडून बसला. आम्ही वही उघडून पाहिली. एकोणीस जणांची सफारी केली तर परतीच्या भाड्याला हात लागणार होता, आणि एकालाच दाखवून बाकीच्या सहा पोरांना बाहेर बसवणे बरे नव्हते. मुलगा रडू लागला. बापाने त्याला उचलून कडेवर घेतले आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पोराला एवढ्या लांब आणलं आन्‌ एक वाघ दाखवता येत न्हाय.’’ आम्हास उत्तर सुचले नाही. गरिबाची सहल अशा एका फलकापाशी खट्टू होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी सोसले आहे.

फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आहेत. आतली बस मिळते. तिच्याने आक्का आणि इतर वयस्कर मंडळी पुढे गेली, आम्ही पोरांना घेऊन चालत निघालो. रस्ता डांबरी आहे आणि दुतर्फा दाट झाडी. दहिसर नदी याच रानात तुळशी तलावाकडून उगम पावते. पोरांनी माकडे मोजली, फुलपाखरे मोजली आणि पुढे मोजायचे सोडून दिले. एके ठिकाणी कारवीची वाळलेली झुडपे उभी होती. शिराळ्याकडच्या डोंगरात राहिलेल्या आपल्या जुन्या माणसांना कारवी ठाऊक आहे. तिच्या काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून भिंती होत. हीच कारवी येथे आठ वर्षांतून एकदा जांभळी फुलते आणि फुलून वाळते. २०१६ साली फुलली, २०२४ च्या पावसाळ्यात फुलली, आता २०३२ ला फुलेल. त्या वेळी आपण किती वर्षांचे असू, याचा हिशेब पोरांनी वाटेतच केला. मघाचा रडणारा मुलगा ‘पंधरा!’ म्हणून ओरडला, तेव्हा बापाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

वाटेत आणि पायथ्याशी आदिवासी पाड्यांवरच्या बाया काकड्या, बोरे घेऊन बसलेल्या असतात. त्यांचे पाडे या रानातच आहेत. त्यांच्याशी पैशा-दोन पैशांची घासाघीस करू नये. त्या आणि आपण एकाच हाताने खाणारी माणसे आहोत.

लेण्यांच्या पायऱ्या चढून गेले की पहिले लेणे लागते, ते अर्धवट राहिलेले आहे. पुष्कळ लोक ते न पाहता पुढे जातात. आमचे गवंडी बंधू मात्र तेथेच थांबले. खांबांवरच्या छिन्नीच्या खुणांवरून त्यांनी हात फिरवला आणि पोरांना सांगू लागले, ‘‘आपण घर बांधतो ते पायापासून वर. ह्यांनी डोंगर वरनं खाली कोरत आणलाय. एक घाव चुकला तर दुसरा दगड लावता येत न्हाय.’’ कोणत्याही मार्गदर्शकाने पैसे घेऊन सांगितले नसते असे त्यांनी सांगितले. मघाशी वाघ दाखवता आला नाही म्हणून खाली गेलेली मान आता वर झाली होती.

तिसरे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंस वीस फुटांहून उंच अशा तथागतांच्या उभ्या मूर्ती आहेत. आत दोन बाजूंनी खांबांच्या ओळी आणि टोकाला स्तूप. आम्ही तेथे हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले आणि पाच मिनिटे शांत बसलो. दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्या पाहून आक्का म्हणाल्या, ‘‘बाईबी बरोबरीनं हुबी हाय की!’’ होय, उभी आहे. कान्हेरीला भिक्खुणींनी आणि उपासिकांनी दान दिल्याचे लेखही आहेत.

हे लेख हीच आम्हास कान्हेरीची खरी श्रीमंती वाटते. ते ब्राह्मी लिपीत आहेत. आम्हास ती लिपी वाचता येत नाही. विद्वानांनी वाचून छापलेल्या लेखांतील काही मजकूर वहीत उतरवून नेला होता. मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी कोरवून घेतले. पण दाते सगळेच असे मोठे नव्हते. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने येथे एक वाट करून दिली. कल्याणच्याच सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची एक पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले. सोपारा, कल्याण, चेऊल या बंदरांतून आणि नाशिकसारख्या गावांतून येथे दान आले. कोणी अख्खे लेणे दिले, कोणी शेत दिले, कोणी वाट दिली, कोणी पाणी.

कारकुनाच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसली. अनेक लेखांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. म्हणजे आपल्या भाषेत कायम ठेव. मुद्दल मोडायचे नाही, उत्पन्नातून भिक्खूंना चीवरे द्यायची. नवव्या शतकात दूरच्या गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने अशीच १०० द्रम्मांची ठेव येथे ठेवली. जमा, खर्च, व्याज, सारे दगडावर लिहून ठेवले आहे. पुसता येत नाही आणि खाडाखोडही करता येत नाही. आपल्या विहाराच्या वर्गणीची वही घेऊन आम्ही घरोघर फिरतो, तेव्हा दहा रुपयांची पावती घेणारा माणूस खाली बघून पैसे देतो. त्यास आमचे सांगणे आहे की, बंधो, लोहाराच्या वाटेची नोंद दोन व्यापारी भावांच्या चैत्यगृहाबरोबर त्याच डोंगरावर झाली आहे. दोन्ही आजवर टिकल्या आहेत.

कान्हेरीला लेण्या-लेण्यांशेजारी पाण्याची टाकी आहेत. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींतून त्यांत उतरतो. पावसाळा संपून महिने झाले तरी टाक्यांत पाणी होते. (आज ते पिण्याजोगे नाही, पोरांना पिऊ देऊ नये.) एका टाक्यापाशी आक्का बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘हे पाणी कुणी प्यायचं?’’ आम्ही सांगितले, ‘‘भिक्खूंनी, आल्यागेल्या वाटसरूंनी, उपासकांनी.’’ त्यांनी पुन्हा विचारले, ‘‘जात न्हाई इचारायची?’’ आम्ही म्हणालो, ‘‘भिक्खू संघात जात उरत नव्हती, आक्का.’’

तेथेच पायरीवर बसून आम्ही पोरांना मसूरची हकीकत सांगितली. मसूर आपल्या शेजारच्या कराड तालुक्यातले. साल १९०१. सातारला शिकणारे लहान भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. नवे कपडे, आगगाडीचा पहिलाच प्रवास, म्हणजे आनंदाची सहलच ती. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणी आले नव्हते. ही महारांची मुले आहेत असे कळताच गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर ते निघाले. बरोबर जेवण होते, पण पाणी नव्हते, आणि वाटेत कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. वाघासाठी रडलेल्या मुलाने विचारले, ‘‘मग रात्रभर काय प्यायले?’’ आम्ही सांगितले, ‘‘काही नाही.’’ पोरे गप्प झाली. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब हेच, हे सांगावे लागले नाही. मोठ्या मुलीने ते आपणहून सांगितले.

सामिदत्ताने पोढी दिली, त्यास अठराशे वर्षे झाली. त्या डोंगरावर पाणी सर्वांचे होते. मध्यंतरी ते आपल्यापासून हिरावले गेले. बाबासाहेबांनी ते परत मिळवून दिले आणि धम्मही दिला. म्हणून कान्हेरीला जे ‘फुकट’ दिसते, ते फुकट नव्हे. त्याचे मोल कोणी तरी आधीच दिलेले आहे. आपण तेथे पाहुणे नाही, वारस आहोत.

वर चढून गेल्यावर डोंगराच्या माथ्यावरून खाली रान, पलीकडे शहर आणि हवा स्वच्छ असेल तर खाडीचे पाणी चमकताना दिसते. अकराव्या लेण्यातील, ज्याला दरबार म्हणतात त्या सभागृहातील, लांबच लांब दगडी बाक पोरांना शाळेसारखे वाटले. ९० व्या लेण्यात पारशी यात्रेकरूंनी इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी भाषेत कोरलेले लेख आहेत. हजार वर्षांपूर्वी परधर्माची माणसे हा डोंगर पाहायला येत होती. आणि आपण दादरहून परत फिरतो!

जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार गोष्टी. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात. भाकरी-चटणी घरची न्यावी, पण लेण्यात खाऊ नये. माकडे पिशव्या ओढतात. डांबरी रस्ता सोडून रानात शिरू नये, पोरांना मोकळे सोडू नये आणि ऊन उतरायच्या आत फाटकाकडे वळावे. पावसाळ्यात ओढ्यांत उतरू नये. भिंतीवर नाव लिहू नये. तेथे नाव कोरायचा अधिकार दान देणाऱ्याचा होता. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खाते बहुधा प्रवेश मोफत ठेवते. भीमजयंतीनंतर चारच दिवसांनी तो येतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आमच्या आक्कांना भाड्याचा एक रुपयाही पडला नाही.

ज्यांना मुंबईही लांब वाटते, त्यांनी कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरातील आगाशिवची बौद्ध लेणी पाहावीत. चौसष्ट लेणी आहेत आणि तिकीट नाही. इस्लामपूरहून सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी येता येते. पौर्णिमेच्या दिवशी चार कुटुंबांनी मिळून निघावे, एवढीच विनंती.

परतीच्या गाडीत तो मुलगा बापाच्या मांडीवर झोपला होता. झोपण्यापूर्वी त्याने बापाला विचारले होते, ‘‘तुम्ही डोंगर कोराल का?’’ गवंडी बंधू हसले. दुसऱ्या आठवड्यात ते आमच्याकडे आले आणि विहाराच्या पायऱ्यांचे निखळलेले दगड स्वतः बसवून देतो म्हणाले. मजुरी घेणार नाही, असेही सांगून गेले. वहीत आम्ही त्यांच्या नावापुढे लिहिले : ‘वाट.’

जयभीम!