पाठीवरची गाठ आणि झोपेतला श्वास

काही बाळे पाठीच्या कण्यावर उघडी जखम किंवा पाण्याची गाठ घेऊन जन्मतात. हाच ‘स्पायना बायफिडा’. ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गाठीची शस्त्रक्रिया झाली की घरचे निश्चिंत होतात. पण यातील बऱ्याच बाळांत मेंदूचा मागचा भाग मानेत खाली सरकलेला असतो. श्वासाचे नियंत्रण तिथूनच चालते. त्यावर दाब आला तर झोपेत श्वास मध्येच थांबतो, तोही आवाज न होता. म्हणून घरी आणण्यापूर्वी झोपेतल्या श्वासाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. पनवेलकरांना कुर्ल्याला गाडी बदलून परळचे वाडिया मुलांचे रुग्णालय (स्थापना १९२९) गाठता येते. मात्र श्वास घेताना घरघर, दूध पिताना वारंवार ठसका किंवा ओठ निळे दिसल्यास जवळच्या रुग्णालयातच धावावे.