पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला

कोलकात्याचा पार्क स्ट्रीट लोअर सर्क्युलर रोडला मिळतो, तिथे भिंतीआड साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री आहे. १७६७ साली सुरू झालेली. या रस्त्याचं जुनं नावच मुळी बेरिअल ग्राउंड रोड! आत दाट झाडी आणि तिच्यात विटांचे, चुन्याचा गिलावा दिलेले घुमट, पिरॅमिड, निमुळते मनोरे. बंगालच्या हवेत ताप आणि पटकीने ईस्ट इंडिया कंपनीची माणसं ऐन तारुण्यात जात. शिलालेखांवरची वयं वाचताना जीव हळहळतो.

यातला एक उंच मनोरा सर विल्यम जोन्सचा. १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून आलेला हा माणूस इथे पंडितांकडे संस्कृत शिकला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे त्याने १७८६ मध्ये मांडलं; १७८९ मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेलं. १७९४ मध्ये तो गेला तेव्हा अवघा ४७ वर्षांचा होता.

चार्ल्स स्टुअर्टची कबर तर चक्क देवळासारखी आहे. कंपनीच्या फौजेतला हा आयरिश अधिकारी रोज गंगास्नान करी, मूर्ती गोळा करी. लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. १८२८ मध्ये तो वारला. त्याच्या संग्रहातल्या कितीतरी मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मला मात्र सर्वांत मोठा वाटतो तो हेन्‍री डिरोझिओ. पोर्तुगीज वंशाचा, पण जन्माने आणि मनाने कलकत्त्याचा. हिंदू कॉलेजातल्या पोरांना त्याने एकच शिकवलं: प्रश्न विचारा. सनातनी पालक खवळले आणि एप्रिल १८३१ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच डिसेंबरात पटकीने तो गेला. वय २२. पुढच्याच वर्षी मुंबईत विशीतल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढलं. दोन शहरांतल्या या दोन तरुण शिक्षकांचा विचार एकत्र करायला हवा. आपण तो फारसा करत नाही.

कोलकात्याला गेलात तर व्हिक्टोरिया मेमोरियल उरकून परतू नका. सकाळी इथे या आणि मग पार्क स्ट्रीटने चौरंगीकडे चालत निघा. रस्त्याच्या त्या टोकाला, १ क्रमांकाच्या जागेत, जोन्सने १७८४ मध्ये स्थापलेली एशियाटिक सोसायटी अजून चालू आहे.