‘अरब हॉल’मध्ये अरब किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लंडनच्या लेटन हाउसमधल्या ‘अरब हॉल’वर दोन पानी टिपण लिहिलं. ‘ही खोली अरब शैलीत सजवलेली आहे’ या पहिल्याच वाक्याखाली गाइड मॅडमनी पेन्सिलने लिहिलं, ‘म्हणजे कुठली?’ उत्तर शोधायला गेल्यावर कळलं की मला साधी यादीसुद्धा करता आलेली नव्हती.

आधी थोडी माहिती. फ्रेडरिक लेटन हा व्हिक्टोरियन काळातला नावाजलेला, श्रीमंत चित्रकार. 1873 मध्ये तो दमास्कसला जाऊन आला. 1877 मध्ये त्याने वास्तुविशारद जॉर्ज एचिसनकडून आपल्या घराला हा हॉल जोडून घ्यायला सुरुवात केली. वर सोनेरी घुमट, मधोमध कारंजं, भिंतींवर निळ्या-हिरव्या टाइल्स.

आता एकेक वस्तू सुटी करून बघू. टाइल्स बऱ्याचशा दमास्कसच्या, म्हणजे तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातल्या. हॉलचा नमुना सिसिलीतल्या झिसा महालाचा. तो महाल 12व्या शतकात नॉर्मन राजांनी बांधलेला. सोनेरी मोझेइकचा पट्टा इंग्रज चित्रकार वॉल्टर क्रेनचा. जिथे टाइल्स कमी पडल्या किंवा फुटलेल्या होत्या, तिथे विल्यम डी मॉर्गनने इंग्लंडमध्येच नव्या बनवून बसवल्या. या सगळ्याला ‘अरब’ हे एकच नाव मिळालं ते लंडनमध्ये.

इथे आपण पटकन एडवर्ड सैदचं ‘ओरिएंटॅलिझम’ (1978) उद्धृत करतो, ‘पूर्व ही पश्चिमेची कल्पना’ असं लिहितो आणि मोकळे होतो. चूक नाही, पण अपुरं आहे. कल्पना युरोपची असली तरी टाइल खरी आहे, आणि ती कुठल्या तरी भिंतीवरून निघालेली आहे. या हॉलमध्ये कुराणातली वचनं लिहिलेली टाइल्सची पट्टीही आहे. मूळ जागी ती वाचायची होती. इथे बहुतेक पाहुण्यांसाठी ती सुंदर नक्षी झाली असणार.

शिवाय नोंदी बघा. टाइल्स मिळवून देणाऱ्या रिचर्ड बर्टनचं नाव सापडतं, बसवणाऱ्या डी मॉर्गनचंही सापडतं. घडवणाऱ्या कुंभारांची नावं मात्र नाहीत.

म्हणून ‘पौर्वात्य’, ‘अरब’, ‘मूरिश’ असा शब्द लिहिताना जरा थांबा. वस्तू कुठे बनली, तिथून कोणी हलवली आणि हे नाव तिला कोणी दिलं, एवढं आधी लिहून काढा. माझं ते पहिलं वाक्य आता दीड पानाचं झालंय.