पाटा वाढवला, पण ब्रेकचे काय?

कांद्याचा हंगाम सुरू झाला, की हायवेकडेच्या पाटेवाल्या मिस्त्रीकडे पिकअपची रांग लागते. 'गाडी मागून बसतेय, एक पाटा वाढवून द्या,' एवढेच सांगायचे. काम लवकर उरकते, खर्चही परवडतो. दुसरीकडे, गावातल्या हौशी पोरांच्या हाती जुनी जीप आली, की त्यांना ती जमिनीलगत बसवायची असते. मग एखादा पाटा काढा, नाही तर पाटा गॅसने तापवून त्याचा बाक कमी करा. एकाला गाडी उंच हवी, दुसऱ्याला खाली. स्वस्तातला हा उद्योग पुढे महागात पडू शकतो, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही.

पाट्याचे काम काय?

सगळ्यात लांब असतो तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक टोक चॅसीला पिनने पक्के, दुसरे शॅकलवर हलते. कारण वजन पडले की पाटा सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. खालचे आखूड पाटे वजन वाटून घेतात. मधला सेंटर बोल्ट पाटे एकत्र धरतो आणि ॲक्सलला जागेवर ठेवतो. यू बोल्ट सगळे आवळून धरतात.

पाट्याचे पोलाद आधी कडक करून मग ठरावीक उष्णतेवर चिवट केलेले असते. गॅसने लाल केले, की ती चिवटाई गेली. तसाच गार होऊ दिला तर पाटा मऊ पडून बसतो. पाण्यात बुडवला तर ठिसूळ होऊन भर रस्त्यात तुटतो. पाट्याला वेल्डिंग मारणेही तितकेच धोक्याचे.

ब्रेकला फसवू नका

खरी मेख पुढेच आहे. बऱ्याच पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो. म्हणजे गाडीवर वजन किती, हे ब्रेकला समजते ते गाडीच्या उंचीवरून!

आता जादा पाटा घातला, तर माल भरूनही चॅसी पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि घाटाच्या उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. याउलट अशी गाडी खाली बसवली, तर रिकामी असतानाही ती भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, की मागची चाके जाम होऊन गाडीचा मागचा भाग फिरतो.

जुन्या जीपमध्ये हा व्हॉल्व्ह नसला, तरी खाली बसवलेल्या गाडीत खड्ड्यात ॲक्सल चॅसीवर आदळतो आणि टायर घासतो. मागून बसली तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पाटा वाढला म्हणून बेअरिंग, टायर, ॲक्सल वाढत नाहीत. ते आर. सी. बुकातल्या वजनापुरतेच असतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा मालासाठी त्याच दुरुस्तीत २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड ठरला. शिवाय अपघात झाला तर भरपाईच्या वेळी विमा कंपनी या बदलावर बोट ठेवू शकते. दोन पोती जादा नेऊन मिळालेले भाडे तिथे कुठल्या कुठे जाते.

मग करायचे काय?

गाडी मागून बसत असेल, तर आधी कारण शोधा. मेन पाटा तडकला आहे का, बुश झिजले आहेत का, शॉकअपमधून तेल गळते का, हे पाहा. पिनांना वेळेवर ग्रीस मारा. पाटे उघडल्यानंतर थोडी गाडी चालवून यू बोल्ट पुन्हा आवळा. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते, असे झाले तर गाडी पुढे दामटू नका. पाटे बदलायचेच असतील, तर कंपनीच्याच मापाचे आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच बाजू नवी केली तर गाडी कलते.

ग्रामपंचायतीची घंटागाडी आणि पाण्याचा टँकर यांनाही हेच लागू आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दुरुस्तीचे बिल मंजूर करताना 'जादा पाटा' असे लिहिलेले दिसले, तर दोन प्रश्न विचारावेत: पाटा का वाढवला, आणि ब्रेक तपासला का? माल दोन खेपांत नेता येईल. गेलेला माणूस परत आणता येणार नाही.