उतरलेले वजन आणि उतरलेला चेहरा

‘चेहरा उतरला’ हे शब्द आपल्या भाषेत दुःखासाठी आहेत, दुखण्यासाठी आहेत. परंतु पथ्याने, व्यायामाने किंवा औषधाने मुद्दाम घटविलेल्या वजनासाठी वेगळा शब्द आपण अजून केलेला नाही. अंगावर मूठभर मांस चढणे हे सुखाचे लक्षण आणि वजन घटणे हे आजाराचे, असाच हिशेब आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्यामुळे मोठ्या कष्टाने वीस किलो वजन उतरविलेल्या माणसाला लग्नकार्यात पहिला प्रश्न ऐकावा लागतो तो हाच, की “अहो, मध्यंतरी बरं नव्हतं की काय?” विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ज्याची रक्तातील साखर आटोक्यात आली, ज्याच्या गुडघ्यांवरचा भार हलका झाला, तो माणूस आरशापुढे उभा राहून हे सगळे सोडून द्यावे की काय, असे मनात आणू लागतो. म्हणून हा केवळ रूपाचा प्रश्न आहे, असे आम्ही मानीत नाही. (प्रयत्नावाचून वजन घटत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामागे मधुमेह, क्षय, थायरॉइडचा विकार किंवा याहून गंभीर दुखणे असू शकते. तेव्हा आधी डॉक्टर गाठावा.)

मग चेहऱ्याचे नेमके होते काय? गालांवर हात फिरविला म्हणजे हाताला लागते ती त्वचा. पण गालाला आकार देते ती त्वचेखालची चरबी. ही चरबी एकसंध थर असावी अशी बराच काळ समजूत होती. २००७ साली अमेरिकेतील रोहरिक आणि पेसा या दोघांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंग टोचून पाहिला, तेव्हा तो सर्वत्र न पसरता ठिकठिकाणी अडलेला आढळला. म्हणजे ही चरबी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते. वजन उतरते तेव्हा हे कप्पे रिते होऊ लागतात. कानशिले आत जातात, डोळ्यांखाली खळगे पडतात, गालफडे बसतात, आणि नाकापासून ओठांच्या कडेला जाणारी वळी खोल दिसू लागते. कापूस काढून घेतलेल्या उशीचा अभ्रा जसा लोळतो, तशी वरची त्वचा सैल पडते. दोष अभ्र्याचा नसतो. परंतु लोक दुकानात जाऊन औषध आणतात ते मात्र अभ्र्याचे!

त्वचेलाही आखडता येते, नाही असे नाही. तिच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या द्रव्यांचे तंतू असतात; पहिल्याने तिला बळकटी येते, दुसऱ्याने ताणल्यावर पूर्ववत होण्याचा गुण येतो. पंचविशीतला माणूस दहा किलो उतरला तर त्वचा बरीचशी मागोमाग येते. पन्नाशीत, वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या किंवा तंबाखूच्या धुराने शिणलेल्या त्वचेला ते तितके जमत नाही. त्यात चरबी झपाट्याने गेली म्हणजे बदल एकदम डोळ्यांत भरतो.

ही तक्रार अलीकडे वाढली याला कारण आहे. सेमाग्लुटाइड हे मुळात मधुमेहावरचे औषध. लठ्ठपणासाठी त्याला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली, आणि भारतात ते त्या कामासाठी २०२५ साली बाजारात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरले. ‘ओझेंपिक चेहरा’ हा शब्द या औषधाच्या एका व्यापारी नावावरून पडला. परंतु जठराची शस्त्रक्रिया केलेल्यांचा किंवा अर्धपोटी राहून बारीक झालेल्यांचा चेहरा पुष्कळसा असाच दिसतो. सारा दोष औषधावर ढकलणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय ताटातला आहे. भूक मेली म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याची चरबी जाते तसे स्नायूही जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी केसही गळू लागतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. आणि वाटीभर पातळ वरणातून मिळतात जेमतेम पाच-सहा! तेव्हा मोडाची उसळ, घट्ट दही, पनीर, सोयाबीन, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांना ताटात जागा हवी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, हे उपवासकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. शक्य तेथे वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो याच वेगाने उतरू द्यावे.

दुसरा उपाय उन्हापासून बचाव. अतिनील किरणांतील लांब लहरींचे किरण साध्या खिडकीच्या काचेतून आत येतात आणि कोलॅजेन खातात. एसपीएफ ३० चे मलम दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहऱ्याला व मानेला सकाळी लावावे. आपल्याकडे बहुतेक लोक ते टिकलीएवढे लावतात. कोरड्या पडलेल्या त्वचेला साधे स्निग्ध मलम पुरे. सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइनचा काही उपयोग होतो. क्लिगमन यांनी १९८६ मध्ये तो दाखवून दिला. परंतु ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे, गरोदरपणात मुळीच नको, आणि त्याने रिते कप्पे भरत नाहीत. कोलॅजेनच्या मलमांविषयी एवढेच सांगतो, की कोलॅजेनचा रेणू त्वचेतून आत शिरण्याइतका लहान नसतो.

खरी भीती आम्हांला वाटते ती गोरेपणासाठी खपणाऱ्या मलमांची. यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड असते. ते लावल्यावर चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबविताच चेहऱ्याची आग होते. आधीच सैल पडलेल्या त्वचेला आणखी पातळ करण्याचा हा उद्योग! २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही ती मागितली जातात आणि मिळतात.

रिते कप्पे भरण्याच्या रीती आहेत. शरीराच्या एका भागातली चरबी चेहऱ्यात भरण्याचा प्रयोग जर्मन शल्यवैद्य नॉयबर यांनी १८९३ सालीच केला होता. आज अधिक चालते ती हायालुरॉनिक अॅसिडची सुई. हे द्रव्य मायर आणि पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातून वेगळे केले. सुईचा परिणाम काही महिने टिकतो, कधी वर्ष-दीड वर्ष. द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम शिकलेल्या डॉक्टरचे आहे. केस कापण्याच्या दुकानात ते करून घेऊ नये. आणि वजन उतरत असताना तर ते करूच नये, कारण आज भरलेला गाल चार महिन्यांनी पुन्हा बेढब दिसेल. वजन सहा महिने एका जागी स्थिर राहू द्यावे. तेवढ्या अवधीत त्वचा जितकी आखडायची तितकी बरीचशी आखडते, आणि सुईची गरज उरली आहे की नाही हे तेव्हाच कळते.