शालेय क्षेत्रभेट आणि संग्रहालयातील अध्ययन : सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. दख्खनच्या पठारातील झिओलाइट व तत्सम खनिजांचे स्फटिक हे त्याचे वैशिष्ट्य होय. अनेक विद्यार्थ्यांना अशा भेटीची संधी शालेय जीवनात एकदाच लाभते. तो दिवस ‘सुंदर दगड पाहिले’ एवढ्यावरच संपू नये, यासाठी शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावीन्याचा अडसर :
ओरायन व हॉफस्टाइन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भूशास्त्रीय क्षेत्रभेटीतील नावीन्याचे तीन घटक सांगितले आहेत : बोधात्मक, भौगोलिक आणि मानसिक. विषय अनोळखी, स्थळ अनोळखी आणि दिवसाचा क्रमही अज्ञात असेल, तर विद्यार्थ्याचे लक्ष त्या नवेपणाशी जुळवून घेण्यातच खर्च होते. म्हणून पूर्वतयारी हा क्षेत्रभेटीचाच भाग मानावा लागतो.

स्फटिकाचे मूळ :
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हाचे थर साचले. थिजणाऱ्या लाव्हात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजद्रव्ययुक्त पाणी त्यांत झिरपून स्फटिक तयार झाले. काचेच्या कपाटात स्फटिक उठून दिसतो. त्याला धरून ठेवणाऱ्या काळ्या पाषाणाकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः अॅपोफिलाइट व स्टिल्बाइट यांचे नमुने नाशिकजवळच्या पांडवलेणी परिसरातील दगडखाणींतूनही मिळालेले आहेत. प्राचीन लेणी ज्या खडकात कोरली गेली, तोच हा बेसॉल्ट होय.

उपाययोजना :
भेटीपूर्वी वर्गात सच्छिद्र काळ्या दगडाचे तुकडे भिंगाखाली पाहावेत. मार्ग, वेळापत्रक व भोजनाची व्यवस्था विद्यार्थ्यांना आधी सांगावी. संग्रहालयात लहान गट करून ‘हा स्फटिक कोणत्या खडकावर वाढला आहे?’ हा एकच प्रश्न प्रत्येक दालनात विचारावा. परतल्यावर विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगडांत पांढऱ्या स्फटिकांचे अस्तर शोधावे.

समारोप :
खनिजांची नावे पाठ होणे हे अशा भेटीचे अल्प फळ आहे. संग्रहालयातील नमुना व गावातील दगड एकाच घडामोडीतून आले, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळता आले, तर क्षेत्रभेट सार्थ झाली असे म्हणता येईल.